अकरावी सायन्स: कॉलेज फक्त नावापुरतं घ्यावं का?

नाशिकची आई

लेकीला दहावीला ९१ टक्के मिळाले. तिला इंजिनिअरिंगला जायचंय, जेईई द्यायचीय. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाचा दुसरा भाग भरायचाय, म्हणजे कॉलेजांचे पसंतीक्रम. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की ते घ्यावंच लागतं, म्हणून एक नंबरला काय टाकायचं यावर घरात आठवडाभर वाद चाललाय.

एका क्लासमध्ये चौकशीला गेलो होतो. ते म्हणाले, "कॉलेजचं टेन्शन घेऊ नका, आमचं टाय-अप आहे." प्रवेश शहराबाहेरच्या एका ज्युनियर कॉलेजात घ्यायचा आणि तिथे जायचं फक्त परीक्षेला. बाकी दोन वर्षं सकाळी ७ ते संध्याकाळी ६ क्लासमध्येच. हजेरीचं काय, विचारलं. "ते आमच्याकडे लागलं."

माझा याला ठाम विरोध आहे. एनआयटीला जायचं तर जेईई मेनच्या रँकसोबत खुल्या प्रवर्गाला बारावीत ७५ टक्के लागतात, नाहीतर बोर्डाच्या पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये यावं लागतं. ज्या बारावीला एवढं महत्त्व, तिचंच कॉलेज खोटं? शिवाय सोळा वर्षांच्या मुलीला आपणच शिकवायचं की न जाता हजेरी लागते! नवऱ्याचं म्हणणं, सगळे हेच करतात, आपली एकटीच मागे पडेल. अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा.

दोन मुलांचा बाबा

ताई, तुमची तळमळ कळते, पण पटलं नाही.

माझ्या थोरल्याला मी असाच हट्टाने चांगल्या नावाच्या कॉलेजात घातला. दुपारी १२ ते साडेपाच कॉलेज, तिथून थेट क्लास, घरी यायला रात्रीचे दहा. जेवताना ताटावर डुलक्या घ्यायचा. एका तुकडीत १२० मुलं आणि फिजिक्सला दिवाळीपर्यंत शिक्षकच नाही. कॉलेजही बुडालं आणि क्लासचे टॉपिकही मागे राहिले. शेवटी एक वर्ष ड्रॉप घेतला. ते वर्ष आमच्या घराने कसं काढलं ते इथे लिहवत नाही.

बारावीच्या मार्कांवर इंजिनिअरिंगचा प्रवेश मिळायचा तो काळ गेला. आज राज्यातल्या कॉलेजांसाठी एमएचटी-सीईटीचा पर्सेंटाइल बघतात. २०० मार्कांच्या त्या पेपरात निम्मे मार्क एकट्या मॅथ्सचे. बारावीत खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के असले की पात्र. मग लेकराचा वेळ कुठे घालवायचा? धाकटी इंटिग्रेटेडला आहे, म्हणजे कॉलेज आणि क्लास एकत्र, तुम्ही सांगितलेल्या टाय-अपसारखंच. एकाच जागी शिकते, एकाच जागी जेवते, आणि रात्री सात तास झोपते. मला त्या सात तासांची किंमत माहीत आहे.

केमिस्ट्री शिकवतो

मी १९ वर्षं ज्युनियर कॉलेजात शिकवतोय. एकच प्रसंग सांगतो.

बोर्डाच्या प्रॅक्टिकलला एका कॉलेजात एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचा परीक्षक, म्हणून गेलो होतो. एका मुलीला पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक ॲसिडचं टायट्रेशन आलं, म्हणजे ब्युरेट या खुणा असलेल्या काचनळीतून एक द्रावण फ्लास्कमधल्या दुसऱ्यात थेंबथेंब सोडायचं आणि रंग टिकेपर्यंत किती लागलं ते मोजायचं. यात फ्लास्क साधारण ६०-७० अंशांपर्यंत तापवून घ्यावा लागतो. थंड द्रावणात अभिक्रिया फार सावकाश सुरू होते, त्यामुळे पहिल्या थेंबांचा गुलाबी रंग जातच नाही. तिने तापवलंच नाही. तीन थेंबांत गुलाबी दिसलं, तिने कॉक बंद केला आणि रीडिंग लिहिलं ०.२ मिली. तेही ब्युरेटमधल्या गडद जांभळ्या द्रावणाच्या खोलगट पृष्ठभागाची खालची कड शोधत, कारण पाठ केलं होतं की खालची कड वाचायची. रंगीत द्रावणाला वरची कड वाचतात हे हाताने एकदा केलं की आयुष्यभर विसरत नाही.

मुलगी हुशार होती. किती इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण, विचारताच सांगितलं. तिचं जर्नल मात्र पूर्ण होतं, दर आठवड्याची तारीख आणि प्रत्येक पानावर सही. मी तिला मार्क दिले. आम्ही सगळेच देतो, आणि त्याची मला लाज वाटते. बोर्डाच्या १०० पैकी ३० मार्क अशा कागदावर उभे आहेत.

२०१८ मध्ये या टाय-अपना आळा घालायलाच सरकारने सायन्सच्या अकरावी-बारावीला बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला होता. इतकी वर्षं झाली, तरी क्लासवाले पालकांना तोंडावर "हजेरी आमच्याकडे लागली" म्हणतात.

दोन मुलांचा बाबा

सर, तुमच्या कॉलेजात तुम्ही आहात. थोरल्याच्या कॉलेजात लॅब महिन्यातून एकदा उघडायची, तीही पंधरा मुलांत एक ब्युरेट. माझा मुलगा रोज जाऊन तेवढंच शिकला जेवढं न जाणारे शिकले. नावाचं कॉलेज सगळीकडेच आहे. फरक एवढाच की काही ठिकाणी आपण रोज बस पकडून तिथे जातो.

लातूरकर

जरा आमच्याकडचं. लातूर पॅटर्न म्हणून आज ज्याचं नाव घेतात तो मुळात कॉलेजांच्या आत उभा राहिला. कॉलेजचेच प्राध्यापक जादा तास घ्यायचे, पेपर सोडवून घ्यायचे, कच्च्या मुलाला थांबवून घ्यायचे. शिकवणं कॉलेजातून बाहेर गेलं आणि फीचा आकडा बदलला. त्यामुळे भांडायचंच तर कॉलेजात रिकाम्या जागा भरा म्हणून भांडूया.

थर्ड इयर मेकॅनिकल

मी इंटिग्रेटेडमधून आलेय, त्यामुळे दोन्ही बाजू सांगते. तिथल्या मॅथ्सच्या सरांसारखे सर मला पुन्हा भेटले नाहीत. सीईटी चांगली गेली ती त्यांच्यामुळे.

पण दर महिन्याच्या टेस्टनंतर रँकप्रमाणे बॅच बदलायची. ए मधून सी मध्ये गेले तेव्हा शेजारी बसणारी मैत्रीण गेली आणि तेच सरही गेले, कारण ते फक्त ए ला शिकवायचे. ज्याला जास्त गरज त्यालाच ते मिळत नाही! अकरावीच्या दिवाळीत मला कळून चुकलं होतं की मला हे नकोय, मला अर्थशास्त्र वाचायला आवडतं. कुणाशी बोलणार? दोन वर्षांची फी एकदम भरलेली. तिथे आर्ट्सची एक मुलगी नाही, कॉमर्सचा एक मुलगा नाही, लायब्ररी नाही. कॉलेजच्या कट्ट्यावर निदान वेगळं काही शिकणारं माणूस दिसतं. बाबांना सांगायला मला अडीच वर्षं लागली, आणि तोवर मी इंजिनिअरिंगला होते.

काका, तुमची धाकटी झोपते हे खरंच चांगलं आहे. पण तिला एकदा विचारा, पैशांचा विषय बाजूला ठेवून.

दोन मुलांचा बाबा

विचारेन.

केमिस्ट्री शिकवतो

नाशिकच्या ताई, एक व्यवहाराची गोष्ट. पसंतीक्रम भरायच्या आधी कॉलेजात जा आणि लॅब दाखवा म्हणा. लॅब असिस्टंटकडे ब्रेकेज रजिस्टर मागा, म्हणजे मुलांच्या हातून काय फुटलं त्याची वही. वर्षभरात एकही पिपेट फुटला नसेल तर त्या लॅबमध्ये मुलं आलेली नाहीत. आणि प्रत्येक विषयाला शिक्षक किती, तेही विचारा. बाबांचा तो मुद्दा बरोबर आहे.

नाशिकची आई

सर, आज लेकीला घेऊन तीन कॉलेजं फिरले. पहिल्याने ऑफिसातूनच परत पाठवलं. दुसरीकडे लॅब उघडली, पण बेसिनचा नळ कोरडा आणि ओट्यावर धूळ. तिसरं आमच्या घरापासून सायकलच्या अंतरावर, कटऑफ जेमतेम ८२ चा, कुणी नाव घेत नाही असं. तिथल्या असिस्टंट मावशींनी वही काढून दिली. एकाच पानावर सहा पिपेट, दोन ब्युरेट आणि एक थर्मामीटर, पुढे मुलांच्या सह्या. लेक ते पान बराच वेळ बघत होती. फिजिक्सला दोन शिक्षक आहेत, मॅथ्सला एकच, आणि त्या निवृत्तीला आल्यात. ते मनात खुपतंय.

एक नंबरला तेच टाकलं. क्लास संध्याकाळचा, आठवड्यातून चार दिवस. नवऱ्याला अजून पटलेलं नाही. तो म्हणतो, सहामाहीपर्यंत बघू.

दोन मुलांचा बाबा

ताई, सहामाहीनंतर इथे नक्की लिहा, चांगलं-वाईट जे होईल ते. धाकटीशी काल रात्री बोललो. तिने आतापर्यंत एकदाही ब्युरेट हातात धरलेला नाही. सर, सुट्टीत दोन दिवस तिला तुमच्या लॅबमध्ये आणलं तर चालेल का?