कृषी विद्यापीठात प्राध्यापक व्हायचंय : पैदासशास्त्र घेऊ की विस्तार शिक्षण?

शिवारफेरी :
नमस्कार मंडळी. बी.एस्सी. (कृषी)चं शेवटचं वर्ष, सध्या रावेसाठी (शेवटच्या वर्षाला गावात राहून शेतीचा अनुभव घ्यायचा कार्यक्रम) गावात आहे. एम.एस्सी. करायचं नक्की, पुढे विद्यापीठात शिकवायची इच्छा आहे. वनस्पती पैदासशास्त्र (पिकांचे नवे वाण तयार करणं) की विस्तार शिक्षण (शेतीचं ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत पोचवणं), यावर गाडी अडलीय. घरचे म्हणतात, "एमपीएससी दे, प्राध्यापकांच्या जागा निघतात कुठे?" या लाइनमधलं कुणी असेल तर खरंखरं सांगा.

बांधावरची :
घरचे अगदीच चुकीचं बोलत नाहीत. जाहिरातीची वाट बघत आमच्या बॅचमधल्या कितीजणांची उमेदीची वर्षं गेली. मी मधल्या काळात एका खाजगी कॉलेजात तासिका तत्त्वावर होते. पगार कधी व्हायचा ते संस्थाचालकांच्या मर्जीवर. त्यामुळे एकाच दारात बसू नकोस. एएसआरबीची (कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळ) नेट ही पात्रता परीक्षा काढ, त्याच मंडळाची एआरएस ही भरती परीक्षा दे (त्यातून आयसीएआरच्या, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या, संस्थेत शास्त्रज्ञ होता येतं, फक्त देशात कुठेही जायची तयारी हवी) आणि कृषी विज्ञान केंद्रातल्या विषय विशेषज्ञाच्या जागांवर नजर ठेव.

निवृत्त_मास्तर :
बाळा, आधी हे समजून घे की आपल्याकडे प्राध्यापकी म्हणजे फळा आणि डस्टर नव्हे. राहुरी, अकोला, दापोली, परभणी, चारही विद्यापीठांत शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही कामं एकाच माणसाच्या गळ्यात असतात. आज वर्गावर, उद्या बदली होऊन मोहोळच्या ज्वारीत, नाहीतर बदनापूरच्या तुरीत. संशोधन केंद्रावर महिनोन् महिने वर्ग नसतो. ज्याला फक्त शिकवायचं आहे, तो तिथे कुढत बसतो.

म्हणून विषय निवडताना वर्गाचा नाही, प्रक्षेत्राचा, म्हणजे प्रयोगाच्या शेताचा, विचार कर. पैदासशास्त्रात ज्वारी मिळाली, तर दुपारी कणसातल्या उद्या उमलणाऱ्या फुलांचे परागकोश सुईने काढायचे, कागदी पिशवी चढवायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाचा पराग टाकायचा. मान मोडून येते. आणि वाण? संकरापासून प्रसारणापर्यंत दहा वर्षं सहज जातात. तोवर तुझी बदली झालेली असते आणि जॉइंट ॲग्रेस्कोत (चारही विद्यापीठांची संयुक्त संशोधन बैठक) वाण मांडतो दुसराच! त्या बैठकीत इतर विद्यापीठांची मंडळी आकड्यांची अशी चिरफाड करतात की पीएच.डी.ची तोंडी परीक्षा बरी वाटावी. तरी मला पुन्हा संधी मिळाली तर पैदासशास्त्रच घेईन.

मुलाखत_अनुसूची :
मास्तर, विस्ताराला वाळीत टाकू नका हो :) आमची मान मोडत नाही, पण पाय मोडतात. शेतकरी दादा पहिल्या झटक्यात सांगतात, "विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणेच खत टाकतो." अर्धा तास बसा, चहा घ्या, मग कळतं की मात्रा ठरवली कृषी सेवा केंद्रवाल्याने, तीही उधारीवर जे मिळालं त्याप्रमाणे. ही गोष्ट कागदावर नीट आणणं हे आमचं संशोधन. शिवारफेरी, तुला रावेत गावकऱ्यांशी बोलायला आवडतंय की कधी एकदा डायरी भरून होते असं वाटतंय? तुझं उत्तर तिथेच आहे.

शिवारफेरी :
खरं सांगू? गप्पा आवडतात, डायरी नाही. पण तुरीच्या प्लॉटवर वाणांतला फरक बघत जास्त रमतो. पगाराचं आणि बढतीचं कसं असतं?

बांधावरची :
कायम जागा मिळाली तर पगाराची चिंता नाही. सातव्या वेतन आयोगात सहाय्यक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू. बढती कॅस या पदोन्नती योजनेतून. त्यासाठी शोधनिबंध लागतात, आणि जर्नलचं नास (राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमी) गुणांकन बघूनच पाठव. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्यांच्या नादी लागू नकोस.

निवृत्त_मास्तर :
तुरीत रमतोस ना? मग पैदासशास्त्र घे. मात्र प्रवेशाआधी मार्गदर्शकाकडे कोणतं पीक आहे आणि त्याचे जुने विद्यार्थी आज कुठे आहेत, हे वसतिगृहातल्या सिनियरना विचार. आणि एमपीएससीचा फॉर्म भरून टाक, घरात शांतता राहते.