सीटी-एमआरआय जुळवताना पार्टिकल स्वार्म लवकर अडकतो

प्रश्न: पार्टिकल स्वार्म (अनेक 'कण' थव्याने फिरत सर्वोत्तम उत्तर शोधतात ती पद्धत) वापरून मेंदूचा सीटी एमआरआयवर बसवतोय. तीन सरकणी, तीन फिरकी, असे 6 आकडे. निकष म्युच्युअल इन्फर्मेशन, म्हणजे एक चित्र दुसऱ्याबद्दल किती माहिती देतं ते. सगळे कण लवकरच एका जागी गोळा होतात आणि कवटीची कड सरकलेली दिसते. कण वाढवू का?

उत्तर १: नुसते कण वाढवून फारसं हाती लागणार नाही. आधी एककं बघा. सरकणी मिलिमीटरमध्ये आणि फिरकी रेडियनमध्ये आहे का? 1 रेडियन म्हणजे जवळपास 57 अंश! दोन्हींना एकच वेगमर्यादा (एका पावलात जास्तीत जास्त बदल) दिली तर डोकं गरागरा फिरतं. केंद्रापासून 100 मिमीवर 1 अंश फिरवलं की बिंदू साधारण 1.75 मिमी हलतो. मी याच हिशेबाने दोन्ही एका मापात आणतो. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं.

उत्तर २: सहमत. शिवाय प्रत्येक कणाला फक्त शेजाऱ्यांचं सर्वोत्तम दाखवा, सगळ्या थव्याचं नको. ही स्थानिक पद्धत 1995 पासूनचीच आहे. उत्तराकडे जायला वेळ जास्त लागतो, पण थवा विखुरलेला राहतो.

प्रश्नकर्ता: फिरकी रेडियनमध्येच आहे! शेवटचा बारकावा थव्यानेच साधायचा का?

उत्तर १: नको. थव्याने उत्तराचा योग्य परिसर शोधला की पुढचं पॉवेल पद्धतीवर (एकेका दिशेने शोधत जवळचं सर्वोत्तम गाठणारी पद्धत) सोडा.