साडेसहा वर्षांचा मुलगा, ऑटिझम: स्पेशल स्कूल की नेहमीची शाळा? (पिंपरी-चिंचवड)

निगडीची_आई

नमस्कार सगळ्यांना. मुलगा साडेसहा वर्षांचा, ऑटिझम आहे. सरकारी हॉस्पिटलमधून ६० टक्के दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट झालंय, यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्रही आलंय. बोलणं खूप कमी, सुटे शब्द, पण काय हवंय ते हाताला धरून नेऊन दाखवतो. आकडे पाठ, रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक पीएमपी बसचा नंबर वाचतो. आवाज मात्र अजिबात सहन होत नाही, कुकरची शिट्टी झाली की कान दाबून पलंगाखाली.

आत्तापर्यंत घराजवळच्या शाळेत सिनियर केजी केलं. आता पहिलीला त्यांनी बोलावून सांगितलं की शॅडो टीचर, म्हणजे वर्गात फक्त त्याच्याबरोबर बसणारी मदतनीस शिक्षिका, तुमच्या खर्चाने ठेवा नाहीतर दुसरीकडे बघा. मिस्टर म्हणतात ठेवू शॅडो, नेहमीच्या मुलांमध्ये राहिला तरच शिकेल. थेरपिस्ट म्हणतात निदान काही वर्षं स्पेशल स्कूल बघा. सासूबाईंना तर ते नावच नको, तिथे टाकलास तर तिथल्यासारखाच होईल म्हणतात. मला झोप नाहीये खरंच. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, कशावरून ठरवलंत? आणि एकदा स्पेशल स्कूलला गेलं की परत यायची वाट बंद होते का?

विशेष_शिक्षिका_पुणे

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते कारण तुमची सगळी भीती तिथेच आहे. वाट बंद होत नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चं कलम ३१ बघा, ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा स्पेशल स्कूलमध्ये, आणि निवड तुमची. आज एक निवडलं आणि तीन वर्षांनी दुसरं निवडलं तर कोणी अडवू शकत नाही. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांत राखीव असलेल्या २५ टक्के जागांतही दिव्यांग मुलं वंचित गटात येतात, त्यांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही, हे पुष्कळ पालकांना माहीतच नसतं.

आता कुठली शाळा. माझं मत स्पष्ट आहे, पाटीवर काय लिहिलंय ते सोडा, तुमचं मूल सकाळी आल्यापासून जाईपर्यंत तिथे काय करणार ते बघा. शाळा बघायला जाल तेव्हा ऑफिसात बसून माहितीपत्रक घेऊन परत येऊ नका, डब्याच्या सुट्टीच्या थोडं आधी जा आणि वर्गात बसू देता का विचारा. मुलं हात धुवायला स्वतः जातात का, डब्याचं झाकण मूल उघडतंय की मावशी पटापट सगळ्यांचे उघडून देतायत? चांगली शिक्षिका झाकणाला हात लावून थांबते, मूल जेवढं करू शकतं तेवढं करू देते, उरलेलंच करते. त्यात वेळ जातो, तो वेळ ती शाळा देते का हे तिथे उभं राहूनच कळतं.

दुसरं, न बोलणाऱ्या मुलांसाठी चित्रांची कार्डं असतात वेलक्रोवर लावलेली, पाणी, शू, खेळ, बस्स झालं, वगैरे. ती बघा. कडा झिजलेल्या, लॅमिनेशन सुटलेलं असेल तर समजा रोज वापरतात. कोरी करकरीत भिंतीवर उंच टांगलेली असतील तर ती पाहुण्यांसाठी. तुमच्या मुलाला तर आकडे वाचता येतात म्हणजे तो कार्डांवर झपाट्याने येईल, त्याला दिवसाचं वेळापत्रक चित्रांत आणि आकड्यांत दिलं तर निम्मी चिडचिड कमी होईल असं मला वाटतं, पण हे त्याला न बघता बोलतेय.

शिक्षकांकडे आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी आहे का विचारा, हा प्रश्न विचारायला लाजू नका. आयईपी म्हणजे मुलाचा स्वतःचा आराखडा लेखी मागा आणि तो किती महिन्यांनी तपासतात तेही. आणि मूल किंचाळायला लागलं, डोकं आपटायला लागलं तर तुम्ही काय करता, हे नक्की विचारा. कान दाबून बसणाऱ्या मुलाला शांत कोपरा मिळणार की वर्गाबाहेर काढणार, या एका उत्तरात सगळं येतं. कोणी म्हणालं सहा महिन्यांत बोलता करतो, तर नमस्कार करून निघा.

तुमच्या भागात कामायनीची निगडीची शाळा आहे, मूळ संस्था गोखलेनगरची, १९६४ पासूनची. पुण्यात प्रसन्न ऑटिझम सेंटर फक्त ऑटिझमसाठी. मोरवाडीला पालिकेचं दिव्यांग भवन आहे, थेरपीसाठी तिथे चौकशी करा. जागा, वयाची अट, बस हे सगळं फोन करून विचारा, दरवर्षी बदलतं.

चिंचवडचा_बाबा

माझा मुलगा आता १४ चा. तुमच्या मिस्टरांना जे वाटतंय तेच मला वाटायचं म्हणून लिहितोय. तिसरीपर्यंत शॅडो टीचरसह इंग्रजी मीडियमला होता. पहिली दोन वर्षं खरंच छान गेली, वर्गात दोन मुली होत्या त्या याला हाताला धरून पीटीला न्यायच्या, आजही त्यांचं नाव काढलं की हसतो. पण तिसरीत अभ्यास वाढला आणि शॅडो मॅडम त्याच्याऐवजी वही लिहायला लागल्या. वही पूर्ण, पोरगं कोरं. शाळेला वही पूर्ण हवी होती, त्यांना तेवढंच दिसायचं.

मग स्पेशल स्कूलला घातलं. पहिल्या वर्षी आम्ही शर्टाची बटणं, बुटाची लेस आणि दुकानातून सुटे पैसे परत घेणं एवढंच मागितलं. आज तो खालच्या दुकानातून दूध आणतो, पिशवी फुटली नाही ना तेही बघून आणतो. लिहा-वाचायलाही तिथेच शिकला कारण आठ मुलांत एक शिक्षक. पुढे एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेतून दहावी करायचा विचार आहे, पाच विषय आणि पाच वर्षांत हळूहळू देता येतात, मराठी माध्यमातूनही होतं.

पण थेरपीत आमच्याबरोबर असलेला एक मुलगा नेहमीच्याच शाळेत राहिला आणि उत्तम चाललंय त्याचं, बोर्डात वाढीव वेळ आणि लेखनिक मिळतो. त्याची शाळा वेगळी होती, वर्गशिक्षिका स्वतः शिकवायची, शॅडोवर टाकून मोकळी होत नव्हती. म्हणून दादांना सांगा, नेहमीची शाळा वाईट नाही, पण तिथे वर्गशिक्षिका मुलाशी थेट बोलते का ते बघा.

लातूरकर_मास्तर

इथे सगळे पुण्या-मुंबईचे आहेत म्हणून वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहितो. आमच्याकडे निवड करायला दोन शाळा नसतात, एकच असते, जिल्हा परिषदेची. मी तिथलाच शिक्षक. समग्र शिक्षा या सरकारी योजनेत समावेशित शिक्षणाचे फिरते विशेष शिक्षक असतात, तालुक्याच्या गट साधन केंद्रात (शिक्षण विभागाचं केंद्र) जाऊन त्यांचं नाव आणि आपल्या शाळेत कधी येतात ते विचारा, विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. लहान मूल असेल तर सिव्हिल हॉस्पिटलमधल्या डीईआयसीत (लहान मुलांच्या लवकर तपासणी-उपचाराचं केंद्र) न्या, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली तपासणी मोफत होते. सेरेब्रल पाल्सी असेल तर लातूरजवळ हरंगुळला संवेदना केंद्र आहे.

माझ्या वर्गात एक मूल आहे तुमच्या मुलासारखंच, बोलत नाही. त्याला खिचडीच्या वेळी ताटं वाटायचं काम दिलंय. एकेका मुलासमोर थांबतो, ताट ठेवतो, त्याच्याकडे बघतो. सुरुवातीला नुसता ताटांकडे बघायचा. बत्तीस मुलांच्या वर्गात मला त्याच्यासाठी एवढंच जमतं आणि ते पुरेसं नाही हे मला माहीत आहे. केंद्राने २०२२ मध्ये प्राथमिकला १० मुलांमागे १ विशेष शिक्षक असं प्रमाण ठरवलंय, ते गावात कधी पोचणार याची मी वाट बघतोय आणि तोवर दर बैठकीत विचारतोय.

निगडीची_आई

सगळ्यांचे खूप आभार, रडूच आलं वाचताना. मिस्टरांना चिंचवडच्या बाबांचं उत्तर वाचायला दिलं, तीनदा वाचलं, काही बोलले नाहीत पण शाळा बघायला येतो म्हणाले. सासूबाईंचं मात्र काय करू कळत नाही. आणि अजून एक, शॅडो आपल्याच खर्चाने ठेवा असं शाळा म्हणू शकते का?

अठरा_प्लसची_आई

बाळ, सासूबाईंना समजावत बसू नकोस, शाळा बघायला बरोबर घेऊन जा. आमच्या आईंना म्हणजे सासूबाईंना मी मोठ्या दिव्यांग मुलांच्या कार्यशाळेत नेलं होतं, तिथल्या मुलींनी दिवाळीच्या पणत्या रंगवल्या होत्या. आईंनी चार विकत घेतल्या, त्या मुलींशी गप्पा मारल्या, आणि घरी आल्यावर विषय संपला. न बघितलेल्या गोष्टीचीच भीती असते म्हाताऱ्या माणसांना.

शाळेत गेलीस की मोठ्या मुलांचा वर्गही बघ, लहानांचे वर्ग सगळीकडेच गोड दिसतात. सोळा-सतरा वर्षांची मुलं तिथे काय करतात, मणी ओवत बसलीयेत की काही कामाचं शिकतायत? अनुदानित शाळा १८ पर्यंत असते, नंतर कुठे, हे आत्ताच विचार. मुंबईच्या जय वकील या संस्थेने बनवलेला दिशा अभ्यासक्रम आता राज्यातल्या विशेष शाळांत वापरतात, तो तिथे चालू आहे का तेही विचार.

केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा निरामय आरोग्य विमा काढलायस का? ऑटिझम त्यात येतो, वर्षाला १ लाखापर्यंत, ओपीडीतली थेरपीही मर्यादेत मिळते. आणि मुलगा १८ चा झाला की कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करावा लागतो, आपण आईबाप असलो तरी. ते पुढचं आहे पण कागद एका फाइलमध्ये ठेवत जा.

विशेष_शिक्षिका_पुणे

शॅडोबद्दल. दिव्यांग आहे म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि गरजेप्रमाणे सोयी देणं ही मान्यताप्राप्त शाळेची जबाबदारी आहे, कायद्याच्या कलम १६ मध्ये आहे ते. तरी पुष्कळ शाळा तोंडी सांगून मोकळ्या होतात. तुम्ही एकच करा, त्यांनी जे सांगितलं ते लेखी द्या म्हणावं, ईमेल केला तरी चालेल. बऱ्याच वेळा लेखी मागितल्यावरच भाषा बदलते. नाही बदलली तर तो ईमेल घेऊन शिक्षणाधिकाऱ्यांकडे, आणि तिथे काही झालं नाही तर पुण्यातच दिव्यांग आयुक्तालय आहे तिथे तक्रार करा. स्पेशल स्कूलच घ्यायचं ठरलं तरी ईमेल करून ठेवा, पुढच्या वर्षी त्याच शाळेत दुसरी कोणी आई येणार आहे.

आणि शाळा बघायला जाल तेव्हा मुलाला दोन वेळा न्या, एकदा सुट्टीच्या गोंगाटात आणि एकदा वर्ग शांत असताना. घंटा कशी आहे तेही ऐका, कर्कश असेल तर बदलता येईल का विचारा. मी ओळखते त्या एका शाळेत घंटेऐवजी दिवा लावतात.