मशीनने चेपलेलं नाणं की टांकसाळीची चूक? सल्ला हवा

गल्ल्यावरचा
नमस्कार मंडळी. सांगलीत बाबांचं किराणा दुकान आहे. गल्ल्यात वेगळं दिसलेलं नाणं मी डब्यात टाकत आलोय. सध्या तीन नाण्यांवर अडलोय. स्टीलचं दोन रुपये, ₹ चिन्हवालं, त्यावर उलटी आणि आत गेलेली अक्षरं दिसतात. पिवळ्या पाच रुपयाच्या कडेला चंद्रकोरीएवढा तुकडाच नाही. आणि एक रुपया, ज्याची कड फुगून आत वळलीय. व्हॉट्सॲपवर एक जण तिन्हींचे अडीच हजार देतो म्हणतोय, फक्त आधी ५०० रुपये ‘रिझर्व्ह बँक नोंदणी’ भरायची. काय करू?

टांकसाळवेडा
आधी त्याला ब्लॉक करा. बँकेच्या नावाने जुन्या नाण्यांसाठी फी आणि कमिशन उकळतात, आपला त्याच्याशी संबंध नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय.

आता नाणी. आधी ठसा बसला की आधी खूण झाली, एवढंच शोधायचं. पाच रुपयाचं उदाहरण घ्या. पत्र्यातून चकत्या कापताना पत्रा पुरता पुढे सरकला नाही तर पंच आधीच्या भोकावर चढतो आणि चकती कोर पडलेलीच निघते. पुढे चकतीची कड दाबून उचलताना कोरेच्या बरोबर समोर दाब मिळत नाही, म्हणून तिथली कड पुसट राहते. ती जागा बघा. शिवाय कोरेजवळची अक्षरं तिकडे ओढल्यासारखी, पसरट दिसतात. कानशीने घासलं असेल तर अक्षर सरळ तुटतं आणि समोरची कड ठणठणीत असते. सराफाकडे वजनही करा, २०१९ च्या नव्या मालिकेआधीचं पुरं नाणं ६ ग्रॅमचं असतं.

कानस_आणि_काटा
वेडेबुवा, वजनाने इथे काही ठरणार नाही. घासलेलंही हलकंच भरणार! त्यापेक्षा दहापट दाखवणारं भिंग घ्या, घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं. कापलेल्या जागी समांतर चरे दिसले की कानस.

दोन रुपयावर मात्र माझा संशय आहे. खऱ्या ब्रोकेजमध्ये (बाजारात ‘लखी’ म्हणतात) आधीचं नाणं साच्याला चिकटून राहतं आणि पुढच्या चकतीवर त्याचाच उलटा, खोल ठसा उमटतो. दुसरी बाजू नेहमीसारखी ठसठशीत. तुमच्या नाण्यावर उलट्या अक्षरांखाली मूळ सुलट अक्षरं चेपलेली दिसतात का? तसं असेल तर कुणीतरी दोन नाणी वाइसमध्ये (वर्कशॉपातला लोखंडी शिकंजा) घालून आवळलीत. वर्कशॉपमध्ये पाच मिनिटांचं काम. असली मी तीन विकत घेतलीयत, हसू नका.

टांकसाळवेडा
वजनाचं मान्य. अजून एक: नाण्यावरची रेघ वर आलेली असेल तर साचा तडकला असण्याची शक्यता, कारण तड्यात धातू शिरतो. खोल रेघ बहुतेक ओरखडाच. मोजणीच्या यंत्रातून गेलेल्या नाण्यावर गोल चरा दिसतो, त्यालाही लोक ‘एरर’ म्हणून विकतात.

फोर्टातली_मावशी
एक रुपया कुठे मिळाला रे? वॉशिंग मशीनवाल्याकडून का? ड्रममध्ये अडकून हजार वेळा आपटलं की कड अशीच गोळा होते आणि नाणं आकाराने लहान होतं. नवशिक्याने साचा फिरलेली नाणी जमवावीत. आपलं नाणं आडव्या अक्षावर नव्हे, पान उलटतो तसं उलटायचं. दोन्ही बाजू सुलट दिसायला हव्यात. एक बाजू उलटी निघाली तर ते बाहेर सहज बनवता येत नाही, आणि फार महागही नसतं.

गल्ल्यावरचा
मावशी, अगदी बरोबर! आत्याकडे मशीन दुरुस्तीला आलेल्या माणसाने खालून काढून दिलं होतं. दोन रुपयावर सिंहांच्या अंगावरूनच उलटा २ गेलाय, म्हणजे वाइसच. पाच रुपयाची समोरची कड मात्र खरंच पुसट आहे, भिंगातून चरेही नाहीत. वजन ५.७ भरलं. ते ठेवतो. वाइसवालं काल चहाच्या टपरीवर दिलं, टपरीवाल्याने परत केलं.

कानस_आणि_काटा
पाच रुपयाचे दोन्ही बाजूंचे फोटो टाका, उन्हात तिरपे धरून. आणि घासूनपुसून चकाचक करू नका.