वहिनी निवडणुकीला उभी, मी सरकारी नोकरीत, काय करू?

मी सोलापुरात राज्य शासनाकडं क्लार्क आहे, वहिनी महापालिकेला उभी राहतीय, घर एकच जुळे सोलापुरात, अन् दादा म्हणतोय गाडीला चिन्हाचं स्टिकर लाव, मतदानादिवशी एजंट म्हणून बस. नोकरीला धोका आहे का?

कडकभाकरी: आहे की! महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ मधला नियम ५ वाचा, तो स्थानिक संस्थांच्या निवडणुकीलाही लागतो, प्रचार करायचा नाही आणि अंगावर, गाडीवर, घरावर चिन्ह लावलं तरी वजन वापरलं असं धरतात. एजंट तर अजिबात नको. लोकसभा-विधानसभेला तसं बसलात तर लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १३४अ, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

सिद्धेश्वरपेठ: वहिनींनी उभं राहायला बंदी नाही हो, त्यांचा हक्क आहे तो, तुमच्या नोकरीपायी त्यांना मागं खेचू नका.

प्रश्नकर्ता: आणि स्टेटस?

कडकभाकरी: मत मागणारं स्टेटस म्हणजे प्रचारच, स्क्रीनशॉट साहेबांकडं जायला वेळ लागत नाही. मतदान जरूर करा, फक्त कुणाला केलं ते सांगत फिरू नका. दादाला आजच स्पष्ट सांगा.