मराठवाड्यातील मंदिरे, लेणी आणि किल्ल्यांवरचे मासे, मकर व इतर प्राणी कसे वाचावेत?

पूर्णाकाठ (प्रश्न):

नमस्कार. परभणी, हिंगोली, धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांतील जुनी मंदिरे, लेणी व किल्ले मी सवडीप्रमाणे पाहत असतो आणि शाळेत शिकवत असल्यामुळे जमेल तेव्हा मुलांनाही सोबत नेतो. अशा ठिकाणी माहिती सांगणाऱ्यांचे सारे लक्ष देवमूर्तींकडे, फार तर धारासूरच्या मंदिरावरील सुरसुंदरींकडे (देखण्या स्त्रीमूर्तींकडे) असते. मुलांचे लक्ष मात्र आधी प्राण्यांकडे जाते. देवळाच्या पायथ्याशी इतके हत्ती कशासाठी, गाभाऱ्याचे पाणी बाहेर सोडणाऱ्या दगडाला मगरीसारखे तोंड का, महादेवासमोर फरशीत कासव का कोरले आहे, असे ती विचारत राहतात. या प्रश्नांना "शोभेसाठी" एवढेच उत्तर देऊन पुढे चालू लागणे मला पटत नाही, कारण ज्या कारागिरांनी देवतांच्या हातातील प्रत्येक आयुध ठरल्या नियमाने कोरले, त्यांनी प्राणी तेवढे मनाला येतील तसे कोरले असतील, हे संभवत नाही.

मला विशेषतः चार गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. पहिली म्हणजे सोंड, मगरीचा जबडा आणि माशासारखी शेपटी असलेला तो प्राणी. दुसरी म्हणजे अजिंठ्यातील चित्रांत मासे, हंस, हरणे, हत्ती आणि माकडे यांना मिळालेले मोठे स्थान. तिसरी म्हणजे किल्ल्यांच्या दरवाजांवर दिसणारा, पंजांत हत्ती धरलेला सिंहासारखा पशू. चौथी म्हणजे एका जुन्या वाड्याच्या चौकटीवर पाहिलेले, एकमेकांसमोर तोंड केलेले दोन मासे. मासा म्हणजे समृद्धी, हत्ती म्हणजे ऐश्वर्य अशा अर्थांच्या याद्या पुष्कळ मिळतात. परंतु एकच प्राणी देवळात, लेण्यात आणि किल्ल्यावर दिसला, तर तिन्हीकडे त्याचा अर्थ एकच कसा असेल? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

होट्टलवारी (उत्तर):

आपली शंका योग्य आहे आणि अर्थांच्या याद्या बाजूला ठेवाव्यात, असेच माझेही मत आहे. प्राणी कोणता हे ठरवण्याच्या आधी तो वास्तूच्या नेमक्या कोणत्या भागावर कोरला आहे, कोणत्या दिशेला आहे आणि त्याच्या वर-खाली काय आहे, हे वहीत टिपून घेण्याची सवय मुलांना लावावी. बहुतेक वेळा निम्मे उत्तर त्या जागेतच असते.

आपण वर्णन केलेला प्राणी म्हणजे मकर. हत्तीची सोंड, मगरीचा जबडा आणि पाण्यातल्या जिवाचे, पुष्कळदा पानाफुलांच्या वळणाने संपणारे मागचे अंग, अशी त्याची घडण असते. तो वरुणाचे वाहन आहे, गंगेचेही वाहन आहे आणि मदनाच्या ध्वजावरही तोच असतो. मात्र आपल्याकडच्या यादवकालीन आणि चालुक्यकालीन मंदिरांत त्याची सर्वांत बोलकी जागा म्हणजे गाभाऱ्याचे प्रणाल, म्हणजे पाणी बाहेर सोडणारी दगडी पन्हळ. मंदिर पूर्वाभिमुख किंवा पश्चिमाभिमुख असेल, तर अभिषेकाचे पाणी सामान्यतः उत्तरेच्या भिंतीतून बाहेर पडते आणि ते मकराच्या किंवा गाईच्या मुखातून पडेल अशी योजना असते. पिंडीवरून आलेले ते पाणी साधे राहत नाही, ते तीर्थ होते, आणि ज्या मुखातून ते बाहेर येते तो गंगेला वाहून नेणारा जीव असतो. महादेवाला पूर्ण प्रदक्षिणा न घालता प्रणालापाशी जाऊन परत फिरण्याचा जो रिवाज आपल्या घराघरांत पाळला जातो, तो याच जागेशी बांधलेला आहे. मुलांना त्या ठिकाणी उभे करून आधी रिवाज सांगावा आणि मग मकर दाखवावा. वेगळ्या व्याख्यानाची गरज पडणार नाही.

हीच कल्पना वेरूळला अधिक मोठ्या आकारात पाहता येते. कैलास लेण्याच्या (क्रमांक १६) प्रांगणात उत्तरेला नदीदेवतांचे दालन आहे. तेथे गंगा मकरावर, यमुना कासवावर आणि सरस्वती कमळावर उभी आहे. एकविसाव्या म्हणजे रामेश्वर लेण्याच्या दर्शनी भागावरील मकरवाहिनी गंगाही आवर्जून पाहावी. माझ्या मते वेरूळमधील सर्वांत सुंदर मूर्तींत तिची गणना व्हायला हवी आणि बहुतेक प्रवासी घाईत तिच्यासमोरून निघून जातात, याचे मला फार वाईट वाटते.

कासवाचेही तसेच आहे. यमुनेच्या पायाखालचे कासव तिचे वाहन असते, विष्णुमूर्तीच्या प्रभावळीत मत्स्यानंतर येणारे कासव कूर्मावतार असते, तर महादेवासमोरच्या फरशीतील कासव मनाशी बोलणारे असते. कासव जसे आपले अवयव सर्व बाजूंनी आत घेते तशी इंद्रिये विषयांपासून आवरून घेणारा तो स्थितप्रज्ञ, असे गीतेच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. गाभाऱ्यात पाऊल टाकण्यापूर्वी भक्ताने काय करावे, हे ते कासव सांगते. पैठणच्या जैन मंदिरातील मुनिसुव्रतनाथ या तीर्थंकरांचे लांछन, म्हणजे ओळखचिन्हही, कासवच आहे. तेथे ते तीर्थंकरांची ओळख पटवण्यासाठी असते, त्यामुळे तेथे वरील अर्थ लावू नये.

पायथ्याच्या हत्तींविषयी थोडक्यात सांगतो. जोत्यावरील हत्तींच्या ओळीला गजथर म्हणतात. पुष्कळ मंदिरांत त्यावर घोड्यांचा अश्वथर आणि माणसांचा नरथर असतो. हत्ती वास्तूचा भार वाहतात, म्हणून ते खाली असतात. औंढा नागनाथाच्या जोत्यावर लहान आकारात जे दिसते तेच कैलासात मोठे होऊन संपूर्ण मंदिर हत्तींच्या आणि सिंहांच्या पाठीवर उभे राहिलेले दिसते.

एक कळकळीची विनंती आहे. अनेक गावांत भक्तीपोटी अशा थरांना तैलरंग दिला जातो आणि बारीक कोरीवकाम त्याखाली बुजते. आपल्या विद्यार्थ्यांनी गावकऱ्यांना हे प्राणी समजावून सांगितले, तर रंगाचा डबा उघडण्यापूर्वी कोणीतरी थांबून विचार करील.

वाघूरतीर (उत्तर):

अजिंठ्याविषयी लिहितो, कारण तेथे जागेइतकीच कथा महत्त्वाची आहे. देवळातील प्राणी वाहन असतो, भारवाहक असतो किंवा रक्षक असतो. अजिंठ्यातील प्राणी पुष्कळ ठिकाणी स्वतः नायक आहे, कारण जातककथांनुसार बुद्धत्व मिळण्यापूर्वीच्या अनेक जन्मांत बोधिसत्त्व हत्ती, हरीण, वानर, हंस आणि मासाही झाला होता. म्हणून तेथील चित्रकार प्राण्यांचे डोळे माणसांच्या डोळ्यांइतक्याच काळजीने रंगवतो.

आपण माशांविषयी विचारले आहे, त्यामुळे सतराव्या लेण्यातील मत्स्य जातकाचा उल्लेख करायलाच हवा. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात हे लेणे खोदले गेले. कथा अशी आहे की पाऊस पडत नाही, तळे आटते, मासे आणि कासवे चिखलात शिरतात आणि कावळे व इतर पक्षी चोची मारून त्यांना बाहेर ओढून खाऊ लागतात. त्या तळ्यातील एक मासा म्हणजे बोधिसत्त्व. तो चिखलातून वर येतो, आकाशाकडे पाहतो आणि पर्जन्यदेवाला म्हणतो की मासे एकमेकांना खाऊन जगतात अशा जातीत जन्मूनही मी तांदळाच्या दाण्याएवढा मासासुद्धा कधी खाल्लेला नाही. हे सत्य असेल तर पाऊस पाड आणि माझ्या भाऊबंदांचे दुःख दूर कर. आणि पाऊस पडतो.

आटलेले तळे, तडे गेलेला गाळ आणि आभाळाकडे लागलेले डोळे या गोष्टी मराठवाड्यातील मुलाला समजावून सांगाव्या लागत नाहीत. आपल्याच प्रदेशातील डोंगरात, वाघूर नदीच्या वळणावर, दीड हजार वर्षांपूर्वी कोणीतरी दुष्काळाची ही कथा भिंतीवर रंगवणे महत्त्वाचे मानले, याचा विचार मी अनेकदा करतो. चित्राची पुष्कळ हानी झाली आहे. म्हणून कथा आधी वर्गात सांगून मगच मुलांना आत न्यावे, म्हणजे उरलेल्या आकारांतून ती स्वतः प्रसंग शोधून काढतील.

सहा सुळे असलेल्या षड्दंत हत्तीची कथा दहाव्या आणि सतराव्या अशा दोन्ही लेण्यांत आहे. दहावे लेणे कित्येक शतके जुने असल्यामुळे दोन काळांतील चित्रकारांनी एकच हत्ती कसा पाहिला, याची तुलना करता येते. पहिल्या लेण्यातील एका स्तंभशीर्षावर चार हरणांना मिळून एकच डोके कोरले आहे. ते मुलांना नक्की दाखवावे, परंतु उत्तर आधी सांगू नये, डोके कोणत्या हरणाचे हे त्यांनाच ठरवू द्यावे. चित्रांच्या दालनांत फ्लॅश वापरायचा नाही, हेही निघण्यापूर्वीच मुलांना सांगून ठेवावे.

पूर्णाकाठ:

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मत्स्य जातकाची कथा मी पुढील सहलीपूर्वी वर्गात नक्की सांगेन, कारण टँकरची वाट पाहणे आमच्या मुलांच्या परिचयाचे आहे. किल्ल्यांवरील पशू आणि वाड्याच्या चौकटीवरील मासे यांबद्दल कोणी लिहू शकेल का? जागेचा नियम तेथेही लागू पडतो का, हे जाणून घ्यायचे आहे.

परांडा दरवाजा (उत्तर):

लागू पडतो, फक्त तेथे देवाच्या जागी सत्ता असते. दख्खनमधील किल्ल्यांच्या दरवाजांवर आढळणाऱ्या त्या पशूला शरभ म्हणतात. अंग सिंहाचे, काही ठिकाणी पंख, आणि पंजांत, जबड्यात किंवा शेपटीत पकडलेले हत्ती, असे त्याचे रूप असते. शैव कथेत उग्र झालेल्या नरसिंहाला शांत करण्यासाठी शिवाने शरभाचे रूप घेतले, असे सांगितले जाते. किल्ल्यावर मात्र तो येणाऱ्याच्या डोळ्यांसमोर, दरवाजाच्या कमानीच्या बाजूला किंवा वर असतो. पकडलेले हत्ती म्हणजे अमुक एक पराभूत राजवट, असे ठामपणे सांगितलेले आपण ऐकले असेल. ते प्रत्येक ठिकाणी खरे धरू नये. एकच प्रतिमा निरनिराळ्या राजवटींनी वापरली आणि जुने दगड नव्या दरवाजांत पुन्हा बसवले गेले, त्यामुळे शिल्प दरवाजाइतकेच जुने आहे की नाही, हे सांधे पाहून आधी तपासावे लागते.

हत्तीला चिरडणाऱ्या सिंहाचे सर्वांत भयंकर रूप आपल्याच परांड्याच्या किल्ल्यावर काही काळ होते. मलिक-ए-मैदान ही तोफ मुहम्मद बिन हसन रूमी याने १५४९ मध्ये अहमदनगरात ओतली. ती पुढे परांड्याला होती आणि सतराव्या शतकात विजापूरला नेली गेली. तिच्या तोंडाशी सिंहाचा उघडा जबडा आहे आणि दातांत हत्ती आहे. ज्याच्यावर मारा व्हायचा त्यालाच तो जबडा दिसावा, अशी ही योजना आहे. दौलताबादच्या मेंढा तोफेचे पाहा, तिच्यावरील मेंढ्याचे डोके मागच्या टोकाला आहे. ते शत्रूला दिसत नाही, तोफ चालवणाऱ्यांना दिसते. दोन्ही तोफा पाहिलेल्या विद्यार्थ्याला हा फरक आपोआप विचारात पाडतो.

आता मासे. मुघल दरबारातून मोठ्या सरदारांना माही-मरातिब नावाचा बहुमान मिळत असे. त्यात सोनेरी मुलामा दिलेले माशाचे चिन्ह काठीवर लावून मिरवणुकीत नेले जाई. निजामाच्या राजवटीत मराठवाडा १९४८ पर्यंत होता, त्यामुळे या दरबारी संस्काराची आठवण येथील वाड्यांवर उतरणे अशक्य नाही. तथापि समोरासमोर असलेली माशांची जोडी दिसली की लगेच मरातिब म्हणू नये. मत्स्ययुगल हे जैनांच्या अष्टमंगल चिन्हांपैकी एक आहे आणि हिंदू घरांतही ते शुभ मानले जाते. जैन मूर्तीच्या आसनावर एकच मासा असेल, तर दिगंबर परंपरेत ते अरनाथांचे लांछन असते. आणि मासा हा या भूमीला परका मुळीच नाही: अनेक सातवाहन नाण्यांवर नागमोडी रेषेने नदी दाखवली आहे आणि तिच्यात लहान मासे पोहताना दिसतात. पैठणच्या गोदाकाठी राहणाऱ्या माणसाला ते चिन्ह वाचायला कोणाची मदत लागली नसेल.

म्हणून आपल्या वाड्याबाबत तीन गोष्टी कळवाव्यात. माशांच्या मध्ये कलश, फूल किंवा चंद्रकोर असे काही आहे का? चौकटीवर गणेशपट्टी, जिनमूर्ती किंवा फारसी अक्षरे आहेत का? आणि ही चौकट देवघराची आहे, राहत्या घराची आहे की बाहेरच्या देवडीची? छायाचित्र सकाळी लवकर किंवा दिवस कलताना, उजेड बाजूने पडत असताना घ्यावे. कोरीव रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडू, पाणी किंवा तेल लावू नये. घरमालकांची परवानगी घेऊन चौकटीचे मापही टिपले, तर अशीच चौकट असलेल्या इतर वाड्यांशी तुलना करणे सोपे जाईल.