मदत हवी आहे: व्हीगन मैत्रिणीसाठी लोकर कुठली घेऊ?

चिंगी_परळची
रविवारी मैत्रिणीचा वाढदिवस. ती व्हीगन आहे, प्राण्यांपासून आलेलं काहीच वापरत नाही. हाताने केलेलं काहीतरी द्यायचंय. काल भुलेश्वरला गेले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, कॅशमिलॉन घ्या, प्युअर लोकर." तीन गोळे घेतले आणि घरी आल्यावर पोटात गोळा आला. कॅशमिलॉन म्हणजे काश्मिरी बकरी ना? दुकानदार बदलून देत नाही. प्लीज लवकर सांगा, आज सुरू केलं तरच होईल.

सुईदोरा
काय करताय? स्वेटर, टोपी, शाल? दोन सुयांवर की क्रोशे? लेबलवर काय लिहिलंय? एवढं तरी सांगा हो.

पार्लेकर_पक्या
व्हीगन म्हणजे तूपसुद्धा नाही? मग उकडीच्या मोदकावर काय घेते?

मुका_खांब
कॅशमिलॉनचा बकरीशी संबंध नाही, ते ॲक्रिलिक आहे. मूळ एका जपानी कंपनीचं नाव, आपल्या बाजारात सगळ्याच ॲक्रिलिकला चिकटलं. आपण ज्याला लोकर म्हणतो त्यातलं बरंचसं कधी मेंढीच्या अंगावर नव्हतंच. खात्री हवी असेल तर बोटभर धागा चिमट्यात धरून बेसिनवर जाळा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटाने चुरडली गेली तर खरी लोकर. कागद जळल्यासारखा वास आला तर सुती. वितळून कडक मणी झाला तर ॲक्रिलिक.

चिंगी_परळची
लेबल कचऱ्यात गेलं. क्रोशे, स्टोल. जाळून बघितलं, काळा मणी!! आईने वासावरून आरडाओरडा केला. म्हणजे चालेल ना?

बाभूळ
चालेल कसं? प्लास्टिक आहे ते. प्रत्येक धुण्यात बारीक तंतू सुटतात आणि जातात समुद्रात. माशांची दया नको का? त्यापेक्षा अहिंसा रेशीम घ्या. मी स्वतः वापरते, अतिशय सुंदर.

मुका_खांब
बाभूळताई, प्रश्न व्हीगनचा आहे. साध्या रेशमात किडा आत असतानाच कोश उकळतात. अहिंसा रेशमात पतंग बाहेर पडू देतात हे खरं, पण किडे पाळलेलेच. बहुतेक व्हीगन तेही घेत नाहीत. जुन्या साड्यांच्या रेशमाच्या लडी मिळतात, त्याबद्दल तर त्यांच्यातच एकमत नाही. वाढदिवसाला वाद कशाला भेट द्यायचा?

डोंबिवलीची_आजी
मेंढीची लोकर कापली तर तिचं काय बिघडतं? आम्ही न्हाव्याकडे जातो तसंच ते.

सुईदोरा
आजी, ऑस्ट्रेलियात पुष्कळ मेरिनो मेंढ्यांच्या शेपटीखालची कातडी कापून काढतात. तिथे माशीने अंडी घालून अळ्या पडू नयेत म्हणून. न्यूझीलंडने 2018 मध्ये त्यावर बंदी घातली. तुमचा न्हावी असं काही करत असेल तर बदला.

डोंबिवलीची_आजी
अगं बाई. हे माहीत नव्हतं. पण मुंबईत स्टोल हवाच कशाला? माझा पंखा डिसेंबरातही दोनवर असतो.

चिंगी_परळची
ऑफिससाठी! ती बरोबर एसीखाली बसते. आणि सिंथेटिक कपड्याने तिच्या मानेवर पुरळ येतं, ते सांगायचं राहिलं.

सुईदोरा
हे पहिल्या ओळीत सांगायचं ना!! मग विषय संपला, सुतीच घ्या. मर्सराइज्ड सुतीला छान चमक असते. ती कॉस्टिक सोड्याची, त्यात रेशीम नसतं, घाबरू नका. मात्र सुती जड असतं आणि स्वतःच्या वजनाने लोंबतं. घट्ट विणू नका, नेहमीच्या सुईपेक्षा एक मिमी मोठी घ्या. आणि दुकानात "मिल्क कॉटन" पुढे करतील. काहींत नुसता कापूस आणि ॲक्रिलिक असतं, काहींत खरंच दुधाचं प्रथिन असतं. लेबल वाचूनच घ्या, आणि या वेळी फेकू नका.

पार्लेकर_पक्या
दुधाचा दोरा?? आणि मी तुपाचं विचारलं तर कोणी उत्तर देत नाही.

खाऊगल्ली
केक नारळाच्या दुधात उत्तम होतो. अंड्याऐवजी पिकलं केळं कुस्करून घाला. रेसिपी हवी असेल तर सांगा.

चिंगी_परळची
केक नकोय, तिचा नवरा आणतोय. उद्या ऑफिस सुटल्यावर दादरला उतरून सुती घेते. पण मग हातात तीनच दिवस. स्टोल होईल?

मुका_खांब
भरीव खांबांचा, म्हणजे नुसत्या उभ्या टाक्यांचा, नाही होणार. एक खांब, दोन साखळ्या, एक खांब, अशी जाळी घाला, भराभर वाढते. रुंदी वीतभरच ठेवा. एसीपासून मान झाकली की झालं.

बाभूळ
बांबूचा धागा कोणीच सुचवला नाही?

मुका_खांब
बांबूचा लगदा रसायनात विरघळवून काढलेला व्हिस्कोस असतो तो. व्हीगन आहे, पण तुमच्या माशांना विचारून घ्या.

डोंबिवलीची_आजी
भांडा तुम्ही. चिंगे, ते तीन गोळे मला दे, नातवाला टोपडं होईल. रंग कुठला?

चिंगी_परळची
मोरपंखी. शनिवारी डोंबिवलीला मावशीकडे येतेय, घेऊन येते.

डोंबिवलीची_आजी
ये. गोळेच आहेत ना? लडी असेल तर गुंडाळायला तुला थांबावं लागेल.